हिंगाचा दोरा

मु. जांभूळमुरे, ता. पाटण
१४ ऑक्टोबर १९७३

चिरंजीव लालासाहेबास साळूबाई आजीचा आशीर्वाद. आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढं शिव्या जास्त आहेत.

पत्र तुझी बहीण तानू लिहिते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. सात यत्ता शिकवल्याचं हे फळ. माझं बोलणं तुला परीटघडीचं वाटलं तर दोष तिचा.

तुझा बाप भादव्यात बांधावर पडला. उजवं अंग गेलं. त्याच्याबरोबर वाचाही गेली. ऐकतो सगळं, कळतं सगळं, डाव्या हातानं माशी मारतो. बोलत मात्र नाही. माझ्या केरबानं साठ वर्षांत घरातल्या कुणाला बोलू दिलं नाही, आता आम्ही तिघंही गप्प बसून एकमेकांकडे बघतो. म्हैस तेवढी बोलते.

पाटणचे नानासो वैद्य येऊन गेले. म्हणाले, "साळूबाई, आंबे काय याला दिसायचे न्हाईत."

आता शिव्या. सहा वर्षांमागं भूकंपात तुझी आई भिंतीखाली गेली आणि तू रानात भेकरामागं होतास. तेव्हा बाप म्हणाला, "माझ्या तिरडीला खांदा लावायचा न्हाई तू." आणि तू त्याचाच पोरगा, तू म्हणालास, "तुमी तोंडानं हाक मारीपतुर ह्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाई." दोघांनी मिशांना पीळ दिला. तू पलटणीत गेलास, तो औताला गेला. दोन बैल दोन दिशांना, आणि जू माझ्या मानेवर. आता हाक मारणारं तोंडच बंद झालं. मग तू कधी यायचा? आणि तू नसलास तर त्याला खांदा कोण देणार, मी?

एक वाट आहे. वैद्यांकडं जुनी मात्रा आहे, कस्तुरीत घोटायची. मधातून जिभेला लावली की जाणाऱ्या माणसाची वाचा घटकाभर सुटते. तुझ्या पणज्याला अशीच चाटवली होती. तो उठून बसला, हरवलेला फाळ कोणत्या बांधाखाली पुरलाय ते सांगितलं, वैद्याला आईवरनं शिवी दिली, आणि गेला. फाळ तिथंच सापडला.

पण वैद्यांजवळची कस्तुरी संपली. बाजारात मिळते ती वाळलेल्या रक्ताची. ते कस्तुरीचं जनावर तू उभा आहेस त्या बर्फातलंच म्हणे. एक गाठ धाड. केरबानं एकदा 'ये' म्हणावं, मग खुशाल जावं. मी आडवी येणार नाही.

तुझी आजी, अंगठा खाली उमटवला आहे. डाग पडलाय तो शेणाचा.

९ डिसेंबर १९७३

लालासाहेब,

गाठ पोचली. तू लोकरीच्या मोज्यात शिवून धाडलीस, ते पोस्टातल्या माणसाला कळलंच. कोंडीबा पोस्टमन पिशवी हातभर लांब धरून आला. म्हणाला, "आजी, नातवानं काय धाडलंय? बाकीच्या पत्रास्नीबी वास लागला."

लिंबाएवढी गाठ, वर राठ केस. पहिल्यांदा बोक्याच्या मुताचा वास येतो, मग ओल्या मातीचा, आणि खूप वेळानं देवळाच्या गाभाऱ्याचा. तानू म्हणते घाण आहे. मला आवडला. मेलेल्या जनावरानं इतकं बोलावं म्हणजे नवलच.

तुझं पत्र तानूनं केरबाच्या उशाशी मोठ्यानं वाचलं. ते जनावर शेळीहून धाकटं, नराला शिंगं नाहीत, मादीलाही नाहीत. नराचे दोन सुळे तेवढे ओठाबाहेर लोंबतात. मागचे पाय लांब, म्हणून उभं राहिलं तरी चढणीला लागल्यासारखं दिसतं. खूर फाकतात म्हणून बर्फात रुतत नाही. केस इतके ठिसूळ की चिमटीत तुटतात. आणि सालातले अकरा महिने एकटंच राहतं. हे ऐकून मी म्हणाले, "म्हंजी तुझ्या आज्यावानी." केरबाच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसला असावा. मी तरी तसं धरून चालले आहे.

ऐकून मला आपल्या कोयनेच्या रानातली सशाएवढी पिसोरी हरणी आठवली. तिलाही शिंगं नाहीत, तिलाही सुळे. ही तुझ्याकडची तिची थोरली भावजय म्हणायची.

तू लिहिलंस की ते जनावर रोज त्याच वाटेनं जातं, त्याच जागी लेंड्या टाकतं, म्हणून फास लावणाऱ्याचं फावतं. ज्या डोंगरी माणसानं फास लावला त्याला तू हातातलं घड्याळ दिलंस. सरकारनं हे जनावर मारायला बंदी केली आहे, कुणाला सांगू नका, असंही लिहिलंस. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. तानू, वैद्य, कोंडीबा आणि पाणवठ्यावरच्या बायका, एवढ्यांनाच.

तुझा पलटणीतला मित्र गुंडा, कवठे महांकाळचा, मेंढरांत वाढलेला, तो म्हणाला की खरी आहे. पण वैद्य कुणाच्या शब्दावर जात नाहीत. ते दोरा हिंगातून ओढतात आणि मग सुईनं गाठीतून काढतात. दोऱ्याचा हिंगाचा वास मेला तर कस्तुरी खरी. परवा मंगळवारी येतील. परवा तुझ्या आईला सहा वर्षं होतील. तानू नैवेद्य घेऊन नदीला जाईल, आणि इकडं तिचा बाप बोलेल.

रजेचा अर्ज लिहून ठेव. तारीख मोकळी सोड.

आजी.

१६ डिसेंबर १९७३

लाला,

खोटी निघाली.

दोरा काढला, हिंगाचा वास होता तसाच राहिला. वैद्य पडसं झालेल्या माणसासारखे दहा वेळा हुंगत बसले. तानू नदीवर होती, तिला आल्यावर सांगितलं. केरबा होता तसाच आहे.

सहा वर्षं बर्फात राहिलास आणि एका डोंगऱ्यानं तुला घड्याळाला फसवलं. पाटणच्या बाजारात वांगी घेतानासुद्धा मी देठ बघते. तुझा बाप तुझ्याएवढा होता तेव्हा माग बघून सांगायचा की जनावर नर की मादी, पोट भरलेलं की रिकामं. पलटणीत तुला बंदूक दिली आहे ती काय कपडे वाळत घालायला?

राहू दे आता. दुसरी धाडू नकोस. तुझ्यानं व्हायचं न्हाई.

(तानू, हे 'न्हाई' असंच लिही.)

आजी.

(दादा, मंगळवारपासून आजी धड जेवत नाही. पत्र सांगताना तोंड दाराकडं करून बसली होती. तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस. — तानू)

१० फेब्रुवारी १९७४

लाला,

गुंडाचं पत्र आलं. तानूनं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी वाचू दिलं नाही.

त्यानं सगळं लिहिलं आहे. तू कुणाला न विचारता ठाणं सोडून वर गेलास. मागं लागलास ते जनावर लांबून बिनशिंगाचं दिसलं, बार टाकलास, जवळ जाऊन बघतोस तर सुळे नाहीत. मादी होती, तिला गाठ नसते. मग नर येईल म्हणून त्यांच्या लेंड्यांच्या जागेशी दोन दिवस बसून राहिलास. बुटात पाणी गेलं आणि तिथंच गोठलं. गुंडानं तुला पाठीवर आणला. कोकरू आणतात तसा, असं त्यानं लिहिलं आहे.

दोन्ही पाय घोट्याच्या वर कापले.

तानू विचारते, पुढं काय लिहू. तिला म्हटलं, थांब.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात तू आहेस, म्हणजे इथून एका दिवसाच्या वाटेवर. सहा वर्षांत इतक्या जवळ कधी आला नव्हतास. मी गाठोडं बांधलं होतं. शेंगांची चटणी, नाचणीच्या भाकरी. तर गुंडाचं दुसरं कार्ड आलं: लाला म्हणतो, घरच्या कुणी येऊ नये. गाठोडं सोडलं. भाकरी म्हशीला घातल्या, चटणी तशीच आहे.

तीन कार्डं घातली, तुझं एकाचंही उत्तर नाही. बापाला सांगितलेलं नाही. तो रोज दाराकडं बघतो. आपल्या दाराला आतून कडी असते, सहा वर्षं त्यानं ती स्वतः लावली, दिवसासुद्धा. आता तानू लावते, कारण तिनं लावली नाही तर तो डाव्या हातानं खाट बडवतो.

एक ओळ लिही. कोऱ्या कागदावर तुझं नाव लिहिलंस तरी चालेल. मला तसंही वाचता येत नाही.

आजी.

पाटण, मामलेदार कचेरीसमोर
२५ मार्च १९७४

लालासाहेब,

अक्षर बदललेलं दिसेल. हे पत्र आकाराम अर्जनवीस लिहीत आहेत. वडाखाली पेटी घेऊन बसतात. त्यांनी सुरुवातीला लिहिलं, "अर्जदार बाई सदरहू पत्रान्वये विनंती करिते की." मी म्हटलं, "बाबा, मला जमिनीचा उतारा नको, मला नातवाशी बोलायचंय." ते खोडून आता नीट लिहीत आहेत. जांभूळमुऱ्याहून चालत आले, कारण हे तानूच्या हातून लिहून घेता येत नाही. मेली ती तिची आई.

ऐक. कस्तुरी खरी होती.

त्या मंगळवारी वैद्यांनी दोरा काढला आणि हिंगाचा वास असा मेला, जसा कधी लागलाच नव्हता. मात्रा उगाळली, मधातून केरबाच्या जिभेला लावली. वैद्य खल धुवायला परड्यात गेले. घरात मी आणि तो. थोड्या वेळानं त्यानं ओठ चाटले. मग म्हणाला, "आई."

साठ वर्षांचा बाप्या, आणि आवाज पाळण्यातला. मी म्हटलं, "बोल रं माझ्या राजा. लालाला बोलवू का? नुसतं ये म्हण."

तर म्हणाला, "आई, त्या रातीला लाला आपनहून रानात गेला, का त्येला कुनी धाडला?"

सहा वर्षं हेच त्याच्या पोटात होतं. दुसरं काही विचारायचं नव्हतं त्याला.

लाला, तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. केरबा धरणाच्या कामावर होता. घरात मटण नव्हतं म्हणून मी कुरकुर केली. मग तुला चिडवलं, "तुझा बाप तुझ्याएवढा व्हता तवा एका हिवाळ्यात दोन भेकरं आनायचा. तुझ्यानं काय व्हायचं न्हाई." तू ताटावरनं उठलास आणि बंदूक घेतलीस. मी आणि तानू गोठ्यात निजलो, म्हशीचे दिवस भरले होते. घरात तुझी आई एकटी. पहाटेच्या आधी जमीन हलली. तू असतास तर तिला ओढून काढलं असतंस, असं बाप म्हणाला, आणि गाव मान डोलवत राहिलं. बाप तुझ्या तोंडावर थुंकला. तरी 'आजीनं धाडलं' असं तुझ्या तोंडून निघालं नाही. तू माझ्याकडं बघितलंससुद्धा नाहीस. मी गप्प होते. पुढंही गप्पच राहिले, तू पलटणीच्या गाडीत बसलास तेव्हाही.

आणि मंगळवारी माझा लेक मरणाच्या दारातून परत येऊन विचारत होता. एक शब्द पुरला असता. 'मी' म्हटलं असतं तर त्यानं तुला हाक मारली असती. त्याच्या डोळ्यांत ती हाक तयार होती, मला दिसत होती.

मी म्हणाले, "पानी देऊ का?"

त्यानं डोळे मिटले. वैद्य आत आले तोवर जीभ परत जड झाली होती. मी त्यांना म्हटलं, ही खोटी निघाली असंच सगळ्यांना सांगायचं. ते म्हणाले, "साळूबाई, माझं काम जीभ सोडवायचं. बांधायचं काम तुमचं तुमी बघा."

तुला खरं कळवलं असतं तर तू पहिलं हेच विचारलं असतंस, बाप काय बोलला. म्हणून खोटी म्हटलं. तिथं थांबायला हवं होतं. पण या जिभेला एकच वाट माहीत आहे, तुझ्या त्या जनावरासारखी. सहा वर्षांमागं जे बोलून तुला रानात धाडलं तेच परत बोलले. तसंच, त्याच शब्दांत. आणि तूही तसाच उठलास.

तुझे पाय थंडीनं नेले नाहीत, लाला.

अर्जनवीसांनी लेखणी खाली ठेवली आहे. म्हणतात, "आजी, येवढं लिवायचं का खरंच?" लिहा म्हटलं. त्यांनी या पत्राचं काही घेतलं नाही, चहा पाजला. तो मी निम्मा टाकला.

घरी जाऊन आधी तानूला सांगणार, मग केरबाला. गाठीत अजून एका मात्रेपुरती कस्तुरी आहे.

अंगठा.

मु. जांभूळमुरे
१२ मे १९७४

लाला,

हे पुन्हा तानूचं अक्षर. पाटणहून आले त्या दिवशी तिला सांगितलं.  चार दिवस ती भाकरी वाढायची आणि ताट लांबून सरकवायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "आजी, आबाला सांगायला उशीर नको करू." तिच्या आईनंही असंच म्हटलं असतं.

पण मी उशीर केला. रामनवमी गेली, चैत्र गेला. रोज म्हणायची उद्या. शेवटी वैशाखात त्याचा श्वास वाजायला लागला तेव्हा तानूच वैद्यांना घेऊन आली. उरलेली कस्तुरी उगाळली. गाठ रिकामी झाली, नुसतं केसाळ कातडं राहिलं.

यावेळी त्यानं काही विचारायच्या आधी मी कानाशी बोलले, "केरबा, त्या रातीला लालाला मी धाडलं. मी चिडवलं म्हनून गेला. तुला सांगितलं न्हाई, त्येनंबी न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. शिवी देईल म्हणून मी वाट बघितली, मला हवी होती ती. त्यानं मान फिरवली आणि तानूला म्हणाला, "कडी काढ."

तानूनं कडी काढली. दार सताड उघडलं.

लाला, हीच हाक. 'ये' म्हणाला नाही, पण त्याच्या भाषेत याहून मोठी हाक नव्हती. तानू साक्षीला आहे.

मग विचारलं, "कुठवर आला?"

तुझ्या पायांचं त्याला ठाऊक नव्हतं. तानूनं माझ्याकडं बघितलं. खरं बोलून पुरती अर्धी घटकाही झाली नव्हती, लाला. मी म्हणाले, "कराडला उतरला."

त्यानं डोळे मिटले. परत उघडले. "आता?"

"पाटणची यस्टी मिळाली. उभ्यानं येतोय, गर्दी हाय."

"आता?"

"पाटणात उतरला. पिशवी खांद्याला हाय. कोंडीबा भेटला वाटंत, म्हनला चल सायकलवर, तर म्हनतो, न्हाई, चालतच जातो."

हे ऐकून त्याच्या छातीतून आवाज निघाला. तू लहानपणीही कुणाच्या सायकलवर बसायचा नाहीस, पायानं पुढं पळायचास. त्याला ते आठवलं असेल.

मी तुला घाट चढवला. करवंदीच्या जाळीपाशी थांबवलं, तू दोन करवंदं तोंडात टाकलीस. पुढं धोंडीचा चढ, तिथं तुला धाप लागली. तानू भिंतीला टेकून ऐकत होती, तोंडात पदर कोंबला होता. खालच्या ओढ्याशी आणलं. मी म्हणाले, "व्हाना हातात घेतल्यात. पान्यात पाय घातला बघ, केरबा. गार लागलं त्येला."

त्यानं 'आता' विचारलं नाही. दोनदा हाक मारून बघितली. तो गेला होता. तू ओढ्यातच राहिलास.

तिरडीला तीन खांदे भावकीचे आणि चौथ्याला तानू लागली. बायकांनी तोंडावर पदर धरले, म्हाताऱ्यांनी खाकरून दाखवलं. ती म्हणाली, "ही माझ्या दादाची जागा हाय. त्यो येईपतुर मी." तिरडी उचलली. त्याचा शब्द खरा झाला, तू खांदा लावला नाहीस. तो गेला तेव्हा त्यानं शब्द परत घेतल्याला अर्धा तास झाला होता आणि मी त्या अर्ध्या तासात तुला कराडहून चालवत होते.

वैद्य म्हणतात, कुठून मिळाली तर तुमच्या शेवटाला थोडी ठेवू. मी हात जोडले. माझ्या वेळेला जिभेला काही लावायचं नाही, तानूकडून आईची आण घेतली आहे. माझं तोंड बंद झालं की बंद.

तू उत्तर धाडणार नाहीस हे मला कळतं. धाडलंस तर शिवी धाड, चांगली बापाच्या तोंडची. तानू वाचताना गाळेल, पण ती कुठं अडखळते ते मी बघेन.

कडी अजून लावलेली नाही. रोज एक कुत्रं आत येतं आणि केरबाच्या खाटेखाली झोपतं. तानू हाकलायला उठते. मी म्हणते, राहू दे, पायांचा आवाज तरी येतो.

आजी.